राजी घ्या, खेळा, आणि नावं ठेवायची असतील तर नीट ठेवा

सगळ्यात आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे ते इथूनच परत जाऊ शकतील. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' घ्या. चांगला गेम आहे, आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलाय, चार-पाच तासांत संपतो, दिसायला असा आहे की मधेच थांबून नुसतं बघत बसावंसं वाटतं. जे कमी आहे ते पण आहेच, त्यावर खाली बोलतो. पण नुसतं गेमबद्दल लिहून भागणार नाही, कारण या गेमवर आपल्याकडची लोकं ज्या पद्धतीने बोलतात ते ऐकून ऐकून डोकं तापलंय आणि ते पण एकदाच सांगून टाकायचंय.

गोष्ट साधी आहे. राजी नावाची मुलगी, कसरतीत पटाईत, तिचा धाकटा भाऊ गोलू. असुर हल्ला करतात, गोलूला उचलून नेतात, राजी त्याच्या मागे निघते. दुर्गा तिला निवडते आणि त्रिशूळ देते, पुढे धनुष्य मिळतं, तलवार-ढाल मिळते, आणि हे सगळं चालू असताना दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलत बोलत गोष्ट सांगत राहतात. आमच्याकडे कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतारात देव-असुर बघत जी पोरं मोठी झाली त्यांना ही मांडणी लगेच आपली वाटते. लढाईत राजी खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवर धावत जाऊन उडी टाकते, म्हणजे आजूबाजूची जागा वापरून लढायचं, नुसतं एकच बटण दाबत उभं राहायचं नाही. मधेमधे गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायची कोडी आहेत, ती सोपी आहेत पण जुळलेली चित्रं इतकी सुंदर आहेत की कोडं सोपं असल्याचं काही वाटत नाही. संगीत लिनोस त्झेलोस नावाच्या ग्रीक संगीतकाराचं आहे आणि हेडफोन लावून ऐकण्यासारखं आहे.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर मधले गोष्टीचे तुकडे. ते छायाबाहुल्यांच्या पद्धतीने केलेत, मागे उजेड आणि पुढे बाहुल्यांच्या आकृत्या. मी कुडाळचा, आणि कुडाळपासून हाकेवर पिंगुळी, जिथे ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी हे सगळं पिढ्यानपिढ्या जपलंय, सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता, आणि २०२१ साली परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. गेमवाल्यांनी पिंगुळीवरूनच घेतलं असा माझा दावा नाही, भारतात छायाबाहुल्या बऱ्याच ठिकाणी आहेत. पण पडद्यामागून बाहुली नाचवणारा माणूस ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय की तिथे चेहऱ्यावर भाव हलत नाहीत, ओठ हलत नाहीत, आणि तरी डोळ्यातून पाणी येतं, कारण आवाज आणि हात मिळून सगळं काम करतात.

आता हेच स्टुडिओच्या बाजूने बघा. थ्रीडी मधे माणसाचा चेहरा बोलताना खरा वाटायला लावणं हे गेममधल्या सगळ्यात खर्चिक कामांपैकी एक. चेहऱ्याचं रिग (चेहरा हलवायचा आतला सांगाडा) बनवा, ओठ संवादाशी जुळवा, भुवया, डोळे, मग प्रत्येक भाषेसाठी परत जुळवा. मोठे स्टुडिओ त्यासाठी नट आणून कॅमेरे लावून चेहरा रेकॉर्ड करतात. मोजक्या माणसांची टीम त्यात पडली असती तर चेहरे लाकडी झाले असते आणि आपणच हसलो असतो. त्यांनी बाहुल्या घेतल्या, काम आवाक्यात आलं आणि गेमला स्वतःचा चेहरा पण मिळाला. हा निर्णय बाहेरून नुसता 'मस्त स्टाइल' म्हणून दिसतो. माझ्या मते त्यामागे आपल्या हातून काय चांगलं होईल आणि काय होणार नाही हे ओळखणारी माणसं आहेत, आणि हे ओळखायला कामच करावं लागतं, ते वाचून येत नाही.

म्हणून मला राग कशाचा येतो ते सांगतो. गणपतीत मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, रात्री भजन झाल्यावर ओटीवर लॅपटॉप उघडला, राजी लावला, आणि अर्ध्या तासात आमचा एक चुलतभाऊ म्हणतो, "ह्यो कसलो गेम रे, कॅमेरोच फिरना नाय! दोन दिसांचा काम आसा, करूक नको ह्यांका." बाकीच्यांनी मान डोलावली. कॅमेरा फिरत नाही ही गोष्ट खरी आहे, आणि ते त्याला आवडलं नाही हे पण शंभर टक्के खरं, त्यावर जगातला कुठलाही डेव्हलपर, म्हणजे गेम बनवणारा, वाद घालू शकत नाही. पण दोन दिवसांचं काम आणि करायला नको, ही दोन वाक्यं त्याला कुठून कळली?

कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे काय ते बघू. आत्ता राजीमधे कॅमेरा ठरलेल्या जागेवरून बघतो, त्यामुळे कलाकाराला माहितीय की या खांबाची मागची बाजू कधीच दिसणार नाही, त्या छताची वरची बाजू दिसणार नाही, डोंगर एकाच कोनातून दिसणार. कॅमेरा मोकळा सोडला की प्रत्येक भिंत चारही बाजूंनी बनवावी लागते. राजी भिंतीला टेकली की कॅमेरा कुठे जाणार, भिंतीत घुसणार की राजीच्या डोक्यात, त्याचं वेगळं कोडिंग लागतं. एकाच वेळी किती वस्तू स्क्रीनवर येणार याचा अंदाज जातो आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) कोसळतो. आणि हा गेम सगळ्यात आधी कुठे आला? १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळता येणाऱ्या छोट्या मशीनवर, पीसी, पीएस फोर आणि एक्सबॉक्सवर त्यानंतर ऑक्टोबरमधे. स्विचमधे एकूण मेमरी ४ जीबी, ती पण चित्रांना आणि बाकी सगळ्याला मिळून, आणि त्यातली काही मशीन स्वतःच खाते. त्या डबीत तो राजवाडा बसवायचा आणि वर कॅमेरा पण मोकळा द्यायचा हे दोन दिवसांत सोडा, दोन महिन्यांत झालं असतं का याची मला शंका आहे.

आणि ठरलेल्या कॅमेऱ्याने जे मिळालंय ते पण बघा ना. भल्यामोठ्या महालाच्या अंगणात इवलीशी राजी चाललीय, वर आभाळ, मागे बुरूज, ती फ्रेम कोणीतरी बसून ठरवलीय. कॅमेरा आपल्या हातात असता तर आपण राजीच्या पाठीकडे बघत धावत सुटलो असतो. तोटा पण आहे आणि तो मोठा आहे. लांबून बघताना खोली कळत नाही, उडी कुठून मारायची आणि कडा कुठे संपते याचा अंदाज चुकतो, लढाईत राजी कुठल्या बाजूला वळलीय ते गर्दीत हरवतं. ही टीका गेमवर झालीच आणि ती बरोबर टीका आहे. उड्यांच्या गेममधे यावर जुनी युक्ती असते, पाय कडेवरून सुटल्यावरही क्षणभर उडीचं बटण चालू ठेवायचं, 'सेलेस्ट' या तसल्याच गेमच्या टीमने स्वतःच सांगितलंय की त्यांनी असं केलंय. खेळणाऱ्याला कळत पण नाही की आपल्याला मदत झाली, त्याला फक्त वाटतं हात छान बसलाय. असल्या न दिसणाऱ्या कामावर लोकांचे महिने जातात आणि बाहेरून दिसतं ते एवढंच की 'उडी मारता येते'.

माझं म्हणणं कोणाला पटत नसेल तर मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होडीत बसून बघा. किल्ला समोर दिसतो, अगदी सरळ, आणि होडी सरळ जात नाही. दर होडीत एखादा पर्यटक असतोच जो तांडेलाला विचारतो की भाऊ एवढा वळसा कशाला. पाण्याखाली खडक आहेत म्हणून. होडी हलली, पोटात ढवळलं, भाडं जास्त वाटलं, हे सगळं त्याने जरूर सांगावं, पण वाट कुठून काढायची ते तांडेलालाच ठरवू दे.

शेवटाबद्दल बोलायलाच हवं कारण राजीला सगळ्यात जास्त बोल लागले ते तिथे. गोष्ट ऐन भरात येते आणि तुटल्यासारखी संपते. मला पण ते खटकलं आणि मी ते सोडणार नाही, एवढी छान मांडलेली गोष्ट होती, तिला अजून एक तास मिळायला हवा होता. पण 'पैसे खाल्ले, अर्धा गेम विकला' हे जे लोक बोलतात ना, त्यांनी जरा मागे जाऊन बघावं. या टीमने २०१७ मधे किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला आणि तो फसला. म्हणजे पैसे मिळालेच नाहीत. त्यानंतर पण त्यांनी गेम पूर्ण केला, आणि २०२० च्या गेम अवॉर्ड्समधे पदार्पणाच्या इंडी (छोट्या, स्वतंत्र टीमच्या) गेमच्या नामांकनात तो आला. ('फॅस्मोफोबिया'ला मिळालं ते, हरकत नाही.) भारतातल्या टीमचा गेम त्या यादीत बघून मला जे वाटलं ते मी लपवणार नाही, छाती भरून आली. पैसा संपत आला की स्टुडिओपुढे प्रश्न असा असतो की जे आहे ते घासूनपुसून नीट करायचं, का अजून दोन टप्पे बनवून सगळंच कच्चं ठेवायचं. आतली चर्चा काय झाली ते त्यांचं त्यांना माहीत, पण ज्याने कधी एक गेम पूर्ण करून दुकानात लावलेला नाही त्याने 'हावरटपणा' असं नाव त्याला देऊ नये एवढंच.

भाषेचं पण तसंच. सुरुवातीला आवाज इंग्रजी होते आणि लोकांनी त्यावरून चामडी सोलली, भारतीय गेम आणि इंग्रजीत बोलतो वगैरे. मागणी रास्त होती, मला पण दुर्गा इंग्रजीत बोलताना परकी वाटली. पण भाषा घालणं म्हणजे फाइल बदलणं नव्हे, संवाद नव्याने लिहावे लागतात, नट शोधायचे, रेकॉर्डिंग, मग प्रत्येक वाक्याची लांबी दृश्याशी जुळवायची. देवनागरी अक्षरं स्क्रीनवर आणायची तर काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरं नीट जुळवणारी व्यवस्था गेमच्या इंजिनमधे, म्हणजे तो ज्या सॉफ्टवेअरवर बनतो त्यात, चालू असावी लागते, नुसता फॉन्ट टाकला की 'क्ष' चा चुरा होतो. २०२२ मधे एनहान्स्ड एडिशन म्हणजे सुधारलेली आवृत्ती आली, त्यात हिंदी आवाज आले आणि लढाईत पण सुधारणा झाल्या. म्हणजे लोकांचं म्हणणं पोचलं. ते पोचलं कारण काही लोकांनी नीट सांगितलं, शिव्या देणाऱ्यांमुळे पोचलं असं मला अजिबात वाटत नाही.

आता दुसरी बाजू, कारण मी डेव्हलपर लोकांचा वकील नाही. अनुभव आहे म्हणून सगळं माफ असं नाही. डिसेंबर २०२० मधे 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका वाईट चालत होता की सोनीने आठवड्यातच तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत दिले. लोक चिडले ते बरोबरच चिडले, पैसे दिले होते आणि वस्तू चालत नव्हती. पण राग गेला कुठे, तर प्रोग्रॅमर आणि टेस्टर यांच्यावर, 'यांना काही येत नाही' म्हणून. जानेवारी २०२१ मधे तो गेम बनवणाऱ्या कंपनीचे एक प्रमुख मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओत स्वतः येऊन सांगितलं की टीमला दोष देऊ नका, गेम बाहेर काढायचा शेवटचा निर्णय माझा आणि संचालक मंडळाचा होता. कामाचा अनुभव असलेली माणसं वेगळी आणि तारीख ठरवणारी माणसं वेगळी, हे टीका करताना आधी बघायला पाहिजे, कारण तोच फरक चुकला की ज्याने रात्र जागून बग काढले त्यालाच आपण शिव्या देतो.

'नो मॅन्स स्काय' तर याहून भारी उदाहरण. २०१६ मधे गेम जूनवरून ऑगस्टवर ढकलला, एवढ्यावरून तो बनवणाऱ्या टीमचे प्रमुख शॉन मरे यांना जिवे मारायच्या धमक्या आल्या. नुसत्या तारखेवरून! मग गेम आला आणि आधी जे सांगितलं होतं त्यातलं बरंच त्यात नव्हतं, ती टीका खरी होती आणि व्हायलाच हवी होती. पण 'मल्टीप्लेअर टाका, काय अवघड आहे' असं जे लिहीत होते त्यांनी हे बघावं की पूर्ण मल्टीप्लेअर यायला जुलै २०१८ उजाडला. मुरलेली टीम, स्वतःचं इंजिन, तरी दोन वर्षं. दोन खेळाडू एकाच जगात आणायचे म्हणजे कोणाच्या मशीनवरचं खरं धरायचं, नेट अडखळलं तर काय, एकाने खड्डा खणला तर दुसऱ्याला तो कधी दिसणार, हे सगळं मुळापासून परत बांधावं लागतं. आमच्याकडे जूनमधे वारा सुटला की लाईट आणि नेट दोन्ही जातात, त्यामुळे आम्हाला तरी हा प्रश्न समजावून सांगायला नको.

काही जण म्हणतात आम्ही वीस वर्षं गेम खेळतोय, आम्हाला कळतं. कळतंच. खेळणाऱ्याचा अनुभव खरा अनुभव आहे, आणि कुठे कंटाळा आला, कुठे हात अडकला, कुठे अन्याय झाल्यासारखं वाटलं, हे त्याच्याइतकं चांगलं कोणीच सांगू शकत नाही, बनवणारा तर नाहीच, त्याने तोच टप्पा हजार वेळा खेळलेला असतो. पण दुखतंय कुठे हे सांगणं आणि औषध लिहून देणं यात फरक आहे. 'जंप बकवास, डेव्ह (म्हणजे डेव्हलपर) आळशी' असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. त्याऐवजी समजा कोणी लिहिलं की स्विचवर, हातात धरून खेळताना, अमुक टप्प्यात खांबावरून उडी घेताना कडा अंधारात दिसत नाही म्हणून सारखं पडायला होतं, तर ते बघून कोणीतरी तिथे दिवा वाढवेल, किंवा कडेला रंग देईल, किंवा उडीची वेळ थोडी सैल करेल, किंवा असं काहीतरी करेल जे आपल्याला सुचलंच नसतं. कुठलं मशीन, कुठली जागा, काय करत होतो, काय झालं. एवढं पुरतं.

आणि तुलना करताना जरा भान ठेवा. राजीची तुलना सगळे 'गॉड ऑफ वॉर'शी करतात. २०१८ चा तो गेम सोनीच्या पैशावर, शेकडो लोकांनी, पाच वर्षं खपून बनवलाय, आणि तिथे पण ती सारखी अरुंद फटीतून अंग चोरून जायची दृश्यं आहेत ना, ती पुढची जागा लोड व्हायला वेळ मिळावा म्हणून असतात. म्हणजे एवढ्या मोठ्या टीमला पण मशीनपुढे वाकावं लागतं. तुलना करूच नका असं नाही, पण मग पैसा, माणसं आणि वर्षं पण तुलनेत घ्या.

आता घ्यायचं असेल तर कामाचं. शक्यतो कंट्रोलर वापरा, कीबोर्डवर उड्या आणि लढाई दोन्हीचा हात बसायला वेळ लागतो. सेटिंगमधे जाऊन हिंदी आवाज लावा, घरात आई-बाबा, आजी कोणी बाजूला बसलं असेल तर त्यांना पण गोष्ट कळते आणि दुर्गा-विष्णूचं बोलणं ऐकायला मजा येते. आजकालच्या शंभर जीबीच्या गेमांपुढे डाउनलोड हलकं आहे, गावातल्या नेटवर पण उतरतो. ज्यांना पन्नास तास चालणारा गेम हवाय, टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची हत्यारं आणि नकाशाभर कामं हवीत, त्यांनी घेऊ नका, चिडाल. ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची पोरं आहेत आणि त्यांनी परदेशी योद्ध्यांशिवाय कोणी बघितलेलंच नाही, त्यांनी नक्की घ्या, आणि सुट्टीत त्या पोरांना पिंगुळीला पण घेऊन जा, तिथे बाहुल्या प्रत्यक्ष बघायला मिळतात.

पूर्ण खेळून झालं की स्टोअरवर चार ओळी लिहा, मशीनचं नाव आणि टप्पा टाकून, आवडलं ते पण आणि खटकलं ते पण. मराठीत लिहिलंत तरी चालेल, टीम पुण्याची आहे.